अस्वलाचा पंप

९ जानेवारी, शुक्रवार

आलो एकदाचा. शेवटच्या स्टेशनावर उतरलो तर फलाटावर कमरेएवढा बर्फ, त्यात खणलेली एक गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी फावड्यावर हनुवटी टेकून उभा असलेला एक गोल माणूस. हाच आमचा मुकादम, आबिको. नमस्कार व्हायच्या आत म्हणतो कसा, समुद्रकाठचा माणूस येणार म्हणून ऐकलं तेव्हाच पैज लावली होती, आठवड्यात पळतो की नाही बघा! मी म्हटलं, पळू कुठं, माझ्या खोलीत बायकोनं शिवणयंत्र मांडलंय. तिथंच आमची गट्टी जमली.

पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या गॅरेजात चाकं धुवायला लागलो, तिशीत स्वतःचं गॅरेज उघडलं, आणि एकसष्टाव्या वर्षी ते जावयाच्या हाती दिलं. जावई चांगला आहे, पण गाडीला वायर जोडून पडद्यावर बिघाड वाचतो. मी कानानं वाचत आलो. लांब पेचकस इंजिनाला लावायचा, मूठ कानामागच्या हाडाला, की आतलं सगळं बोलायला लागतं. अशा कानाला इथं एका हिवाळ्याचं काम मिळालं, खोली मिळाली, गरम झऱ्याचं न्हाणीघर पलीकडेच. आणखी काय हवं?

यंत्र पाहिलं. पुढच्या जबड्यात फिरणारी पाती बर्फ ओढून घेतात आणि वरच्या धुराड्यातून वीस मीटर लांब दरीत फेकतात. सव्वीस वर्षं जुनं आहे. सगळे त्याला अस्वल म्हणतात.

१२ जानेवारी, सोमवार

पहिली फेरी. गावापासून खिंडीतून तोचिनोहाता वाडीपर्यंत नऊ किलोमीटर. दर अर्ध्या किलोमीटरला आकडा घातलेला लोखंडी खांब, अठरावा खांब म्हणजे वाडी. वर पाच घरं, आठ माणसं, सगळी पिकली पानं. त्यातले ओइकावा आजोबा एकोणऐंशीचे, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना गावात डायलिसिसला आणावं लागतं. एक वार चुकला तर भागतं, दोन चुकले तर डॉक्टर बोलेनासा होतो. मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की मेस्त्री, हा रस्ता नाहीच, ही आजोबांची लघवी आहे असं समजा. तुंबली की संपलं.

आज मुकादम शेजारी बसून होता. अकराव्या खांबाशी थांबायला लावलं, भोंगा वाजवायला लावला, आणि टोपी काढून खाली उतरला. वयोमानानं घाई लागली असेल म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

वाडीत ओइकावा आजोबांच्या बायकोनं, फुसा आजींनी, भाजलेले भाताचे गोळे दिले, मुळ्याचं लोणचं दिलं. त्यांनी तीन वाट्यांत वाढलं. एक तुमच्या वाटाड्याला, म्हणाल्या. पूर्वी अस्वलापुढे एक माणूस बांबूची काठी टोचत चालायचा. बर्फाखाली गाडी आहे का, दगडाचा देव आहे का, हे चाचपायचा, आणि काठी उभी उंच धरली की मगच चालकानं पाती फिरवायची. आता त्याच्या जागी कॅमेरा बसवलाय. मी म्हटलं, आजी, आम्ही दोघंच. त्या गोड हसल्या आणि वाटी तिथंच ठेवली. मुकादम लोणचं चावत राहिला.

१४ जानेवारी, बुधवार

आज एकटाच होतो. मुकादम दुसऱ्या रस्त्यावर. सगळं सुरळीत, आणि अकराव्या खांबाशी अस्वलानं दोन खोकले काढले आणि बसलं.

थंडीनं डिझेल गोठलं म्हणावं तर टाकीत थंडीचंच डिझेल. फिल्टर उघडला, स्वच्छ. हातपंपाची कळ दाबून दाबून अंगठा सुजला, तरी नळीत दम येईना. टाकीतून इंजिनाकडे डिझेल ढकलणारा छोटा विजेचा पंप आहे, तो चालू असला की टक् टक् असा बारीक ठोका देतो. पेचकस कानाला लावला. ठोका आहे. पण नळी सोडून खाली बाटली धरली तर थेंब नाही. ठोका आहे आणि डिझेल नाही, असा पंप मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

शेजारच्या खोऱ्यातलं यंत्र मागवून मला ओढून आणलं, मग तेच वर जाऊन आजोबांना घेऊन आलं. आजोबा माझीच समजूत घालत होते. म्हणे, मेस्त्री, जुनी यंत्रं आणि जुनी माणसं, सुटे भाग मिळत नाहीत.

रात्री पाठ धरली. तीस वर्षांपूर्वी असला बिघाड म्हणजे मेजवानी वाटायची.

१७ जानेवारी, शनिवार

नवा पंप आला, बसवला. काम तासाभराचं, पण टाकीच्या पोटाखाली, बर्फाच्या चिखलात उताणं पडून. बॅटरीची तार काढली, नळ्यांची तोंडं बुचांनी बंद केली, जुने चाप कापले, नवे घातले, तांब्याच्या वायसर बदलल्या. मग नळीत पारदर्शक तुकडा जोडला, हवेचा एक बुडबुडा जरी आला तरी दिसावा म्हणून. मिनिटाभरात बाटली काठोकाठ भरली. तीन तास इंजिन चालवलं, एक बुडबुडा नाही.

मग जुना पंप टेबलावर घेऊन बॅटरीला जोडला. तोही उत्तम चालला. बाटली भरून वाहिली.

काल आजोबांना शेजारच्याच यंत्रानं आणलं-नेलं. पण आता त्या यंत्राचंच खोरं बुजलंय, सोमवारपासून ते मिळणार नाही. आता काय ते मी आणि अस्वल.

१९ जानेवारी, सोमवार

अकराव्या खांबाशी. पुन्हा.

नवा पंप. ठोका आहे, डिझेल नाही. गिअर मोकळा करून उतारावर मागे घरंगळू दिलं, दहाव्या खांबाशी आपोआप सुरू झालं. पुढे नेलं, अकराव्याशी बंद. चार वेळा केलं. शेवटी हात गोठले, मागे फिरलो. आजोबांचा आजचा वार चुकला.

संध्याकाळी मुकादम माझ्या खोलीवर आला. बाटली घेऊन, पण झाकण न उघडता बसला. मी म्हटलं, बोला, तुमचा घसा कधीचा अडकलाय ते मला ऐकू येतंय. मग बोलला. चार हिवाळ्यांपूर्वी अकराव्या खांबाशी वाटाड्या गेला. हागा नाव. पिवळा रेनकोट घालायचा, सारखा शिंकायचा. काठी वर व्हायच्या आधीच अस्वल पुढे गेलं. चालवत होता आबिको.

मी थांबवलं होतं, म्हणाला. बंद करायचा दांडा ओढला होता, पूर्ण. ते थांबलंच नाही. चौकशीत कुणी मानलं नाही, तुम्हीही मानू नका.

तेव्हापासून जो कुणी अस्वल चालवतो तो अकराव्याशी थांबतो. एक लांब भोंगा, टोपी काढायची, वाट बघायची. काठीचे तीन ठोके ऐकू आले की जायचं. नाही आले तर मागे फिरायचं. न विचारता गेलं की हागा पंप धरतो.

मी विचारलं, मग बाबा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? तर म्हणतो, नव्या माणसाच्या गळ्यात आपलं पाप कशाला घालायचं?

हसू आलं नाही मला. दमलो होतो. एवढंच म्हटलं की मुकादम, भोंगा वाजवायला काही लागत नाही, वाजवीन. पण पंप मात्र काढून टाकीन.

२० जानेवारी, मंगळवार

वादळ. खिंड बंद, हेलिकॉप्टर उडत नाही. शुक्रवारनंतर आजोबांचं रक्त धुतलेलं नाही. फोनवर फुसा आजी म्हणाल्या, पाय सुजलेत, बाकी ठीक, तुम्ही जेवलात का?

दिवसभर एकच काम केलं. पंप काढला. वायरीसकट, त्याला धरणाऱ्या पट्टीसकट. अस्वलाच्या टपावर वीस लिटरचा डिझेलचा डबा पट्ट्यांनी आवळून बांधला, तोटी खिडकीतून हात लांबवला की हाताशी येईल अशी, आणि तिथून नळी थेट खाली इंजिनाला. पाणी उतारानं वाहतं तसं डिझेलही वाहतं. यात बिघडायला काही नाही. धरायलाही काही नाही.

मुकादमानं सगळं बघितलं. म्हणाला, मेस्त्री, हुशारी केलीत. चेहरा मात्र मयताला आल्यासारखा.

२१ जानेवारी, बुधवार. सकाळ

उजाडल्यावर निघालो. वारा पडलाय. बर्फ मात्र छातीपर्यंत, अस्वल पावलापावलानं खातंय. मुकादम खाली वायरलेसवर. आज दुसरा वार, तोही हुकला तर संपलं.

साडेदहा

अकरावा खांब. थांबलो. लांब भोंगा. टोपी काढली, उतरलो, उभा राहिलो. माझे कान चांगले आहेत. फांदीवरून बर्फ सुटल्याचं ऐकू आलं. दरीत पाणी. बाकी काही नाही.

दहा मिनिटं. पुन्हा भोंगा. काही नाही.

मुकादम वायरलेसवर म्हणाला, फिरा मागे. मी म्हटलं, आजोबांना काय सांगू, ठोके आले नाहीत?

पुढे निघालो. अस्वल खोकलं नाही, अडखळलं नाही. अकरावा खांब मागे पडला. डबा झिंदाबाद.

साडेअकरा. तेरावा खांब

टक् टक् टक्.

पंप चालतोय असं वाटून बरं वाटलं. मग आठवलं. पंप खाली वर्कशॉपच्या टेबलावर आहे.

पुढून येतोय आवाज. वळणापलीकडून.

बारा वाजून गेले

वायरलेस. मुकादम ओरडतोय, नीट ऐकू येत नव्हतं. आता आलं. फुसा आजींनी फोन केला होता. आजोबा सकाळीच निघालेत, पायी. तुमचा वाटाड्या दारात आला, पिवळा रेनकोट घातलेला, काठीनं उंबऱ्यावर तीनदा ठोकलं, म्हणून त्याच्या मागून गेलेत. आधी फोन केला नाही, मेस्त्री कामात असतील, कशाला त्रास द्यायचा म्हणून.

म्हणजे अकराव्याशी तो नव्हताच. आजोबांना आणायला वर —

अस्वल थांबवतो.

दांडा ओढला. पूर्ण.

चालूच आहे.

तोटी बंद केली. नळी उपटली, डिझेल काचेवरून वाहतंय, इंजिनात एक थेंब जात नाही. चालूच आहे. गिअर मोकळा. ब्रेक दाबलाय. सरकतंय. पाती फिरतायत. हळू, माणूस चालेल तेवढं, पण —

पुढे दिसतायत. दोघं. पिवळा पुढे, काठी आडवी धरून, दोन्ही हातांनी, मला थांब म्हणतोय. मागे आजोबा, खाली मान, पावलं मोजत. त्यांना ऐकू कमी येतं. वर बघतच नाहीत. पिवळ्यानं पाडलेली एक चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. बाजूला व्हायला जागा नाही.

साठ मीटर असतील.

आधी याला पंप होता. पंप धरून तो थांबवायचा. धरायची जागा मी काढली, मीच —

भोंगा वाजत नाही.

वही सीटवर ठेवतो. आबिको, तुम्ही ओढला होता दांडा. मी मानतो. लिहून ठेवतोय म्हणून कुणीतरी —

दार उघडलं. पळत गेलो तर जबड्याच्या आधी पोचेन. आजोबांना भिंतीवर चढवता येईल, हलके आहेत. मग मी पुढे —

फुसा आजींना सांगा