मागच्या बाकावरची सावड

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आबा, आणि एका मुलीच्या नावापुढची जागा कोरीच ठेवून उठले. खिडकी उघडली. रस्त्यावरून पिरंगुटच्या कारखान्याची बस गेली, काच थरथरली, मी खिडकी लावून घेतली. रविवारची दुपार आहे. शाळेला सुट्टी आहे, तरी तुमची मुलगी शाळेत बसली आहे, कारण ती आता ह्या शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि उद्या दहावीचे फॉर्म बोर्डाकडे जायचे आहेत. ज्यांची हजेरी भरली त्यांच्यापुढे मी सही केली. ह्या एका मुलीची भरत नाही. हिला वडील नाहीत. आई कारखान्यात पाळीवर जाते, आणि आईची सकाळपाळी असली की धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी राहते. भाऊ नुकता चालायला लागला आहे. थोडी तूट माफ करण्याचा अधिकार मला आहे, पण पुढे एकही दिवस चुकणार नाही अशी खात्री मिळाली तरच. तिच्या घरून ती खात्री कोण देणार? उद्या सकाळी आईला बोलावलं आहे. काय बोलायचं ते ठरत नाही. म्हणून हजेरीपट बाजूला सारला आणि हा कागद पुढे ओढला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊन आता माझं अर्धं आयुष्य झालं. तरी.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, गेले त्या जूनमध्ये तुम्ही पौडच्या हायस्कुलाच्या पडवीत बसला आहात. हायस्कूल नवं, कौलं नवी, भिंतीच्या चुन्याने सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या झालेल्या. हेडमास्तर उभे राहून नियम वाचतात. पुण्याहून आलेले, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आवाज बारीक पण शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. विद्यार्थ्याने ठरलेली हजेरी भरलीच पाहिजे. गैरहजेरीबद्दल पालकाची चिठ्ठी हवी, सही नसेल तर अंगठा चालेल. लग्नाला, जत्रेला जायचं तर आधी परवानगी. फार दिवस खाडा झाला तर पालकाने स्वतः येऊन कारण सांगावं. हजेरी कमी भरली तर मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही, मग मुलगा कितीही हुशार असो. मुलगी म्हणायचं त्यांना सुचलं नाही, कारण वर्गात मुली आम्ही दोघीच होतो, मी आणि पेठेतल्या कापडवाल्या मुसलमान घरातली माझी मैत्रीण. मागून कोणीतरी विचारलं, "आन् भाताच्या आवणीची सुट्टी कवा?" हेडमास्तरांनी कागदावरून मान वर केली. "पुण्याच्या शाळांना आवणीची सुट्टी नसते." तो माणूस म्हणाला, "पुण्यात आवणी बी नसती, सर." सगळे हसले. तुम्हीही हसलात. हेडमास्तर हसले नाहीत, आणि पुढचा नियम वाचला.

आवणीच्या तोंडावर आईच्या पायात काटा मोडला आणि पाय घोट्यापर्यंत सुजला. मग तिच्या जागी मी उभी राहिले. आपल्याकडे आवणी एका घराने होत नाही, सावडीने होते. आज आपल्या खाचरात वाडीतल्या घरोघरचं माणूस येऊन रोपं लावणार, उद्यापासून त्या घरांच्या खाचरांत आपलं माणूस जाऊन ते दिवस फेडणार. कोण आलं हे कोणी विचारत नाही. म्हातारा अंथरुणाला लागला तर सून येते, सून बाळंतीण असली तर दीर येतो. घराचं माणूस बांधावर आलं की दिवस फिटला. मजुरीची भाषा नाही, उपकाराची नाही. मला ते काम येत होतं आणि आवडत नव्हतं. पोटरीभर चिखलात वाकून आंबेमोहराची रोपं खोचताना मी इंग्रजी कविता म्हणायची, आणि शेजारची काकू म्हणायची, "काय पुटपुटतीस गं, मंतर घालतीस का आमच्या भाताला?" सगळा आषाढ तसा गेला. श्रावणात शाळेत गेले तेव्हा हेडमास्तरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "तुझे दिवस फार बुडाले आहेत. वडिलांना पाठव. हे असंच चाललं तर फॉर्म जाणार नाही."

रात्रीच्या जेवणाला मी ते चुलीपुढे सांगितलं. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकलंत. "म्हंजी तुझे दिवस शाळंचे देणं हायेत," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "व्हय." आई पाय लांब करून बसली होती. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या की शाळा. सही कराया येती तिला, बास झालं." तुम्ही तुकडा तोंडात टाकून उठलात. सकाळी डोक्यावर इरलं घेऊन माझ्याआधी निघालात. मला वाटलं पौडच्या कचेरीत कोणाचं काम असेल.

पहिला तास इंग्रजीचा, तो हेडमास्तर स्वतः घेत. दारात सावली पडते आणि मी बघते तर तुम्ही. इरलं पडवीत भिंतीला टेकवलेलं, पाय पन्हाळीखाली धुतलेले, तरी फरशीवर ओली पावलं उमटताहेत. तुम्ही सरळ मागच्या बाकाकडे जाता. पोरं सरकतात. तुम्ही बसता, हात गुडघ्यांवर ठेवता, आणि फळ्याकडे बघता.

"कोण आपण?"

"हिचा बाप."

"बाहेर थांबा. तास संपला की बोलू."

"बोलाया न्हाई आलो, सर. बसाया आलोय. पोरीचे दिवस फेडायचेत न्हवं? आज मोकळा हाय मी. उद्या बी येतो. लागतील तितके दिस येतो."

वर्ग फुटला. कोणीतरी बाकावर थापा मारल्या. पाटलाचा पोरगा ओरडला, "सर, म्हाताऱ्याला स्पेलिंग इचारा!" तुम्ही त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणालात, "तू सांग की रं आधी. मी ऐकतो." पाटलाच्या पोराला स्पेलिंग कधीच येत नसे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हसू फिरून त्याच्यावरच पडलं. मी मात्र पुस्तकातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून होते. मैत्रीण माझ्या कानाशी लागली, "तुझे आबा माझ्यापेक्षा सरळ बसलेत गं." हेडमास्तरांनी डस्टर आपटलं. वर्ग गप्प झाला. ते तुमच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता शिपायाला हाक मारणार. ते म्हणाले, "बसा." आणि धडा पुढे चालू केला.

दिवसभर तुम्ही बसलात. मधल्या सुट्टीत पडवीत माझ्याबरोबर नाचणीची भाकरी खाल्लीत. तोवर पोरांनी तुमचं इरलं आळीपाळीने डोक्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "फाडू नगा रं, घरी जायचंय मला." दुपारी बीजगणिताच्या तासाला तुमची मान छातीवर आली. मैत्रीण म्हणाली, "झोपलेल्याची हजेरी लागते का गं?" ह्या वेळी मलाही हसू आलं. मास्तर फळ्याकडे वळले की मी मागे बघत होते. तुमच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आवणीतल्या चिखल्यांच्या जखमा अजून भरल्या नव्हत्या.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. हेडमास्तर पडवीत तुमच्यासमोर उभे राहिले. मी दप्तर घेऊन खांबाशी.

"हे बघा," ते म्हणाले, "इथे माणसाच्या जागी माणूस चालत नाही. तिचं तिनेच बसायचं."

"आवो, एका घरची माणसं आमी."

"असाल. मॅट्रिकला ती बसणार, घर नाही."

तुम्ही पागोटं काढून पुन्हा घातलंत. "मग आवणी कुनी करायची? आता कापनी यील, मळनी यील. सावड चुकली तर वाडीत कोन हुबं करंल आमाला?"

"सावडीत माणसाच्या जागी माणूस चालतं?"

"चालतं की."

"मग तिथे चालवा. इथे ती येऊ दे. आजपासून एक दिवसही चुकली नाही तर मी शिफारस करीन. चुकली तर नाही करणार. मग रोज येऊन बसलात तरी नाही."

तुम्ही बांधावर उभे राहून पाण्याचा अंदाज घेत असायचात, तसं अंगणाकडे बघितलंत. मग म्हणालात, "चालवतो." इरलं उचललंत आणि चालायला लागलात.

वाटेत मी विचारलं, "आबा, तुमाला खरंच वाटलं व्हतं, तुमची हजेरी माझ्या नावावर धरतील?" तुम्ही पुढे होतात. मागे न बघता म्हणालात, "सावडीत कोन इचारतं?" एवढंच. पुढे ओढा आला आणि तुम्ही मला हात द्यायला थांबलात.

तुम्ही चालवलंत. आईचा पाय तेव्हाही धड टेकत नव्हता. कापणीला, मळणीला, आईच्या वाटणीचं, माझ्या वाटणीचं आणि तुमचं स्वतःचं अशी सगळी माणसं तुम्हीच होतात. ज्या घराने दोन माणसं दिली त्याच्या खाचरात तुम्ही एकदा तुमचे म्हणून गेलात आणि पुन्हा माझे म्हणून. आपलं भात शेवटी कापलं गेलं, तोवर लोंब्या झडायला लागल्या होत्या. आई म्हणाली, "पोरगी पुस्तकात आन् बाप लोकांच्या चिखलात. चांगली वाटनी केली मास्तरानं." तुम्ही कांबळ्यावर पालथे पडला होतात आणि मी तुमच्या कमरेला तेल चोळत होते. तुम्ही म्हणालात, "जरा डावीकडं." एक दिवस मला ताप होता. तुम्ही माझा हात खांद्यावर घेऊन मला शाळेच्या पायरीपर्यंत आणलंत, हजेरी होईपर्यंत बाहेर थांबलात आणि मग पुन्हा कापणीला गेलात. फॉर्म गेला. मी पास झाले. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नाही. पौडच्या कचेरीत सगळ्या वाडीची कामं घेऊन तुम्ही जायचात. एकाच्या अंगठ्याच्या जागी दुसऱ्याचा अंगठा चालत नाही हे वाडीत सगळ्यात आधी तुम्हाला कळलं होतं. कोणी म्हातारा जायला कंटाळला तर तुम्हीच दटावायचात, "तुजाच आंगठा लागंल, माजा न्हाई चालत तितं." असं म्हणणारा माणूस शाळेत जाऊन मुलीच्या हजेरीसाठी बसतो. तुम्हाला शाळा हे कचेरीपेक्षा वेगळं, आपल्या सावडीसारखं काही वाटलं होतं? की सगळं समजून तुम्ही त्या बाकावर बसला होतात, म्हणजे नियम वाचणाऱ्याला एकदा तुमच्याकडे बघावं लागेल? मी शिकवत असताना, सायकलवर असताना, तुमच्या दहाव्यालासुद्धा, हाच विचार करत होते. आज सकाळपासून पुन्हा तेच. बसवत नाही. कागदावरून उठते, वर्गांतून चालून येते, रिकाम्या बाकांच्या रांगा बघते, परत येते.

आणि हेडमास्तर. लोक मला म्हणतात, मॅडम, तुम्ही गावातून वर आलात, तुम्ही तरी नियमावर अडू नका. त्यांना वाटतं मला कोणीतरी सूट दिली म्हणून मी इथे आहे. हेडमास्तर त्या दिवशी विरघळले असते आणि म्हणाले असते, बरं, गरीब माणूस आहे, जाऊ दे, तर कापणीलाही मी खाचरातच असते, मळणीलाही, आणि फॉर्म जाऊनसुद्धा नापास झाले असते. ते हलले नाहीत म्हणून तुम्हाला हलावं लागलं. हे मी दर जूनमध्ये माइकवर नियम वाचताना मनात म्हणते. पण तुमची कंबरही मीच चोळली आहे. नियम उभा राहिला तो कोणाच्या पाठीवर, हे मला माहीत आहे. ह्या मुलीच्या घरी तशी दुसरी पाठ नाही. आई एकच आहे आणि ती पाळीवर उभी आहे. तिथे हेडमास्तरांचं वाक्य म्हणून मी काय मिळवणार? आणि न म्हणता नुसती सही केली, तर उरलेले महिने ती घरीच राहील आणि मी दयाळू ठरेन.

ऊन उतरलं. शिपाई कुलूप घेऊन दाराशी दोनदा येऊन गेला. आवरायला हवं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, टेबलाच्या खणात जुन्या प्रश्नपत्रिकांखाली जाईल. एक सांगायचं राहिलं. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी आठवडाभर तुमच्या उशाशी होते. रोज विचारीन म्हणायची, त्या दिवशी खरं काय ते, आणि रोज पेज भरवून उठायची. वेळ मिळाला नाही असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला उत्तर नको होतं. तुम्ही भाबडे होतात किंवा तुम्ही हुशार होतात, दोन्हींतलं एक ऐकलं असतं तर मागच्या बाकावरचे तुम्ही माझ्यापुरते संपला असता.

हे सोमवारी रात्री लिहिते आहे, आबा: सकाळी प्रार्थनेच्या आधी त्या मुलीची आई आली. बरोबर मुलगी, कडेवर पोर. फाटकाबाहेर कारखान्याची बस हॉर्न देत होती. मी म्हटलं, आजपासून एकही दिवस चुकता कामा नये. ती पोराकडे बघत राहिली. मी हात पुढे केले. पोर माझ्याकडे आलं, रडलं, मग माझ्या खोलीत टेबलाखाली बसून डस्टर चघळत राहिलं. आई बसकडे पळाली. मुलगी वर्गात गेली आणि तिची हजेरी लागली.