सरळ आहे, आत्याबाई

माय, तुझ्यापाशी बोलावं लागून राह्यलं, कारण या गावात सुनेबद्दल एक शब्द काढला का दिवस मावळायच्या आत तो तिच्या कानावर जाते, वरून मीठमिरची लागून. तुझ्यापाशी बोललं तर कुठं जात नाही. दुसरीपर्यंत शिकली मी, तेही तू शेणाची पाटी माझ्या हातातून हिसकून मले शाळेत हाकललं म्हणून. अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घे. तू गेली तेव्हा माझा लेक पाळण्यात होता. आता त्याची बायको माझ्यामागं सुईणीचं काम शिकून राह्यली. दोन वर्षं झाली. मी शिकवून शिकवून थकली असं लोकायले सांगते, पण थकली नाही, चिडली.

गोष्ट साधी आहे. माझे गुडघे गेले. पावसाळ्यात नाल्यापलीकडून बोलावणं आलं तर मी चिखल तुडवत पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असते. म्हणून तिले एकटीले पाठवायचं आहे. पाठवायचं म्हणजे एका बाईचा आणि तिच्या पोटातल्याचा जीव हिच्या दोन हातांवर ठेवायचा. लोकायले त्याचं काही नाही. लोकं आताच म्हणतात, "तू नको येऊ वं, तुही सूनच पाठव, थे गोड बोलते." गोड बोलते! पोट काय कानानं ऐकते?

मी तिले सांगत बसली नाही. पहिल्या दिवसापासून दाखवतच शिकवलं. जिथं गेली तिथं नेलं. आधी तिचा हात ठेवायले लावायचा, मग माझा. "सांग, काय आहे?" ती हात फिरवे, जरा थांबे आणि म्हणे, "सरळ आहे, आत्याबाई." सरळ म्हणजे डोकं खाली, जसं असावं तसं. मग मी हात ठेवत होती, तर सरळच राहे. मी मान हलवत होती. मनात म्हणत होती, पोरीचा हात चांगला आहे. आपल्या किन्हीराजातच नाही, आजूबाजूच्या वाड्यांवरही बायका म्हणायले लागल्या का सून सासूच्या वर जाते. मले बरं वाटलं. कायले खोटं बोलू, लय बरं वाटलं.

औंदा श्रावणात मालेगावच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून बोलावणं आलं. बाईचं तिसरं बाळंतपण. सुनेनं हात ठेवला, जरा थांबली, "सरळ आहे, आत्याबाई." बाईच्या सासूनं लगेच पाण्याचा हंडा चुलीवर चढवला. मी हात ठेवला. खाली डोकं लागेच ना. डोकं एका कुशीले, ढुंगण दुसऱ्या कुशीले. पोर आडवं पडलेलं. मी सगळ्यांसमोर ओरडली, "हे सरळ आहे? तुह्या डोक्यात सरळ आहे!" गाडी जुंपायले लावली आणि बाईले दवाखान्यात पोचवलं. वाचले दोघंही. त्यांच्या नशिबानं आणि तिथल्या डॉक्टरच्या हातानं वाचले, आमच्यानं नाही.

घरी आल्यावर ती भाकरी थापायले बसली. मी चुलीसमोर तिच्यापुढंच बसली. "तुह्या हाताले काय लागलं होतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही लागलं वेगळं."

"मंग सरळ काहून म्हटलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि खाली पाहूनच बोलली, "सरळच राह्यते न वं आत्याबाई. आजपर्यंत एकबी चुकलं का माहं?"

आणि माय, चुकलं नव्हतं. हेच तर माझ्या डोक्यात बसलं आणि उठेच ना. पोरं सरळच असतात. आडवं, पायाळू एखादं. हिनं हात पदराखाली ठेवून, छताकडं पाहून "सरळ आहे" म्हटलं असतं तरी ती तितकीच खरी ठरली असती आणि मी तितकीच मान हलवली असती. दोन वर्षं मी समजत होती का ती पोट शिकून राह्यली. ती माझी मान शिकत होती. कोणता शब्द बोलला का म्हातारी खूश होते, तो शब्द तिले सापडला. लबाडीनं नाही, तेच तर वाईट. लबाड असती तर झोडपून काढली असती.

तेव्हा तुझी आठवण आली, आणि तुझाही राग आला. तू मले हे काहून नाही सांगितलं?

अजून डोळ्यापुढं आहे, लग्न होऊन मी पहिल्यांदा माहेरी आलेली आहे. तू सैपाकाच्या खोलीत बसली आहे, पुढ्यात चामड्याची जुनी पिशवी, पाण्यानं भरलेली. आत एका टोकाले बेलफळ, ते डोकं. दुसऱ्या टोकाले चिंध्यांचं गाठोडं, ते ढुंगण. तू पिशवी फिरवते आणि मले म्हणते, आता सांग. मी डोळ्यानं अंदाज बांधते, तर तू माझ्या मनगटावर पळी मारते. "हातानं पाह्य, डोळ्यानं नको!" अजून ती पळी आठवली का मनगट दुखते. आणि कुठं पायाळू आहे, कुठं आडवं आहे असं कानावर आलं का तू हातातलं निंदण टाकून मले ओढत नेते. उन्हातानात, दुसऱ्या सुईणीच्या गावात. मी रडकुंडीले येते. "आपल्याले बोलावलं नाही न माय, कायले जायचं?" तू म्हणते, "म्हणूनच जायचं. सरळं तर रोजच भेटते दारात." मले वाटे, हिले लोकांच्या घरचा चहा पाह्यजे.

पण मी हिले कुठं नेऊ? आता वाकडं असलं का लोकं मोटर धरतात आणि थेट वाशीम गाठतात. चांगलंच आहे, बाया मरत नाहीत. पण आमच्या हाताले वाकडं लागतच नाही. जे हाताखाली येतच नाही ते शिकवू कसं? मग मीही पिशवी शिवली. बेलफळ घातलं, चिंध्या घातल्या, पाणी भरलं. चार दिवसांत पोरगी तयार! कशीही फिरवली तरी धडाधड सांगे. सरळ. आडवं. पायाळू. शेजारच्या बायका जमून पाहायच्या. मी पुन्हा खूश झाली, पुन्हा मूर्ख बनली. एक दिवस पिशवी फाटली म्हणून मी ती काढून नव्यानं शिवली, टाके दुसऱ्या बाजूनं आले, आणि पोरगी ठार चुकायले लागली. प्रत्येक वेळी उलटं. विचारलं तर म्हणते, "शिवणीच्या अंगाले डोकं राह्यत होतं न." तिनं बेलफळ कधी चाचपलंच नव्हतं! ती शिवण चाचपत होती. मी म्हटलं, "अवं भवाने, बाईच्या पोटाले कुठं शिवण असते?" तर ती रडायले लागली आणि बायका हसायले.

दिवाळीले तुझा धाकटा आला होता. वाशीमले कचेरीत शिपाई आहे तो आता, चष्मा लावते, साहेबाचं जुनं वर्तमानपत्र घरी आणते आणि येईल त्याले वाचून दाखवते. ओट्यावर बसून म्हणते, "आयका, परदेशात म्हणे यंत्राले शिकवून राह्यले." मी कणकेत हात घालून बसली होती. मी म्हटलं, यंत्राले चालवतात, शिकवतात कशाले? तो म्हणे, "नाही बाई, शिकवतातच. त्याले एक चित्र दाखवते. थे सांगते, हे अमुक. चुकलं का त्याच्या आतले काटे जरासे फिरवते. पुन्हा दाखवते. असं करता करता थे बरोबर सांगायले लागते. कोणी त्याले कायदा समजावून सांगत नाही."

बायकायले हसू आवरेना. एक म्हणे, "त्याले ना भूक ना लाज, थे काय शिकन?" दुसरी म्हणे, "त्याले सासू करून द्या, मंग शिकन बरोबर."

मी हसली नाही. मले तर वाटलं हा माझ्याच घरातलं वाचून राह्यला. मी म्हटलं, "हसता काय? त्यात काय समजायचं नाही? दाखवायचं, बोलू द्यायचं, चुकलं का कान पिळायचा. यंत्राचा कान म्हणजे तो काटा. लय पिळला तर मागचं शिकलेलं बिघडते, कमी पिळला तर चुकतच राह्यते. पण खरं पाह्यचं ते नव्या चित्रावर. जे शंभरदा दाखवलं ते ओळखलं त्यात काय मोठेपणा? आमच्या बाईसाहेबांनी पिशवी ओळखलीच न."

"म्हणजे यंत्रालेही शिवण सापडन?" शेजारीण विचारते.

"काहून नाही सापडन? त्याले काय माहीत आपण कायच्याकडं बोट दाखवून राह्यलो? त्याले जे सोपं लागन थे धरन."

मग मी भावाले विचारलं, त्याले सरळं किती दाखवली आणि वाकडी किती दाखवली? जर सगळी सरळच दाखवली असतील तर ते मेलं आंधळ्यासारखं सरळ सरळ म्हणत बसन आणि तुमी टाळ्या पिटसान. भाऊ चष्म्यावरून पाहते. "अवं बाई, चित्रं आहेत थे, सरळ-वाकडं काय? आणि पेपरात एवढं कुठं लिहितात? तूच लिही त्या साहेबाले पत्र." पुन्हा सगळ्या हसल्या. सून कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती हसली नाही, वरही पाह्यलं नाही.

मले त्या यंत्राचा हेवा वाटला, खरं सांगते. त्याच्यापुढं कोणीतरी शांत बसून काटे फिरवते. ते चुकलं तर कोणाच्या घरी रडारड होत नाही. त्याले चुकायले जागा आहे. माझ्यापाशी कुठं आहे? इथं चुकली का पोर जाते, नाहीतर पोराची माय जाते, आणि काटा फिरवायले मी उरते.

दिवाळी झाली आणि सुताराची लेक माहेरी आली, दिवस भरत आलेले, पहिलटकरीण. पोट भलकसं मोठं. मी सुनेले म्हटलं, चाल. मनात ठरवलं होतं, ही आता "सरळ आहे" म्हटली का हिचं शिकणं बंद. हिच्या हातात पुन्हा वाटी-तेल द्यायचं नाही, घरात भाकरी थापू दे जन्मभर. ते तिले सांगितलं नव्हतं, पण तिले कळत होतं.

तिनं हात ठेवला. वर, खाली, दोन्ही कुशी. हात काढला, पुन्हा ठेवला. सुताराची म्हातारी माय दारात उभी. मी म्हटलं, "बोल." ती बोलेच ना. "बोल न वं, तोंडात काय पान आहे?"

"मले नाही समजून राह्यलं, आत्याबाई."

माझं डोकंच फिरलं. "दोन वर्षं काय माझ्यामागं हिंडून चहा पेली? नाही समजत म्हणजे काय? सुईण आहे का पाहुणी आहे तू?" सुताराची माय म्हणे, "घ्या! गोड बोलणारीले बोलता येईना." सुनेचं तोंड पडलं, पण शब्द फिरवला नाही. "नाही समजत," पुन्हा तेच. मी तिचा हात झटकला आणि माझा ठेवला.

मग मी उठली आणि म्हटलं, मोटर धरा, वाशीमले न्या. सुतार कुरकुरला, म्हातारी तर पेटलीच, "सासू-सुनेचे चार हात, आणि चारी फुकटचे!" पण नेलं. मी आणि सूनही सोबत गेलो. दवाखान्यातल्या नर्सबाईनं डॉक्टरले बोलावलं. पाणी लय होतं पोटात, पोर आत मासोळीसारखं फिरून राह्यलं होतं. दोन दिवस ठेवून घेतलं. शेवटी डोकं खाली घेऊनच आली, पोरगी झाली, रडली, सगळं ठीक. सुताराची म्हातारी गावभर सांगते, "सरळ पोरीले वाशीम दाखवून आणलं या दोघींनी."

आता गावात पुन्हा फिरलं वारं. म्हणतात, सुनेले नको पाठवू, तिले काही येत नाही, ती स्वतःच सांगते येत नाही म्हणून. काल नाल्यापलीकडून बोलावणं आलं, त्या माणसानंही मलेच मागितलं. मी म्हटलं, न्यायची असन तर तिले ने, नाहीतर तसाच जाय. तो तोंड वाकडं करून तिले घेऊन गेला. ती अजून आली नाही. म्हणून हे लिहीत बसली. लिहून झालं का चुलीत जाईल, तुले काही पोस्टानं पाठवता येत नाही.

वाशीमहून परतताना मोटरीत ती माझ्या शेजारी बसली होती. मग हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमच्या हाताले काय लागलं होतं?" मी म्हटलं, "खिडकी लाव, धूळ येऊन राह्यली." तिनं खिडकी लावली.

मलेही काही समजलं नव्हतं, माय. हात ठेवला आणि नुसतं पाणी लागलं. तिनं चारचौघांत सांगितलं, मी तुलेच सांगून राह्यली.