रेसच्या घोड्याचं कडियाळं

आबा, तुमची पणती घोड्यावर बसायला लागली आहे. घोडा पण कसला, पुण्याच्या रेसमधून काढलेला, उंच, बदामी, कातडी इतकी पातळ की शिरा दिसाव्यात. तुम्ही असता तर आधी त्याचे दात पाहिले असते आणि मग मला म्हणाला असता, "ए, चहा टाक." नाशिकरोडवरून पंचवटीत यात्रेकरू नेणाऱ्या टांगेवाल्याची पणती आता गंगापूर रस्त्याला द्राक्षबागांमधल्या क्लबात फी भरून घोडा शिकते! आपल्याला तर घोड्यापासून कधी एकदा सुटतोय असं झालं होतं. तुम्हाला हसू येईल, मला तर येतंच येतं.

पण घोडा ओढतो. लगाम धरला की मान ताणून हातच उपटून नेतो. गेल्या महिन्यात पोरीला घेऊन मैदानाबाहेर पळाला तो थेट बागेच्या तारेपाशी. माझ्या लेकीनं, म्हणजे पोरीच्या आईनं, ते डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "येत्या रविवारी मी येते. तुझ्या सरांनी आखलेल्या रेघेवर तो थांबला तर ठीक, नाही तर घोडा कायमचा बंद. मग रडायचं नाही." जावई ओझरला विमानाच्या कारखान्यात असतात, ते म्हणाले, "विमानाला तरी ब्रेक असतो." लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट पेपर वाचायला लागले. पोरगी कॉलेजात जाते, एवढी मोठी, पण त्या दिवशी जेवली नाही हो. मेथीची भाजी होती, तिची आवडती.

मग मी मधे पडले. म्हटलं, घोड्याच्या तोंडातलं लोखंड, आपण कडियाळं म्हणायचो ते, या घरात माझ्याइतकं कुणाला कळतंय? मला तो दिवस अजून दिसतो. मी परकरातली आहे. तुम्ही खाली उतरून भाडं ठरवताय आणि मी पुढं बसून लगामाला हिसके देतेय. तुम्ही बघता, ओरडत नाही. घरी आल्यावर कडियाळं धुऊन माझ्याच तोंडात देता, दोन्ही वाद्या धरता आणि जरासं, अगदी जरासं ओढता. ओठांच्या कोपऱ्यात अशी कळ येते की डोळ्यांत पाणी. आई चुलीपासून ओरडते, "अहो, पोरगी हाय ती, तट्टू नाय!" तुम्ही म्हणता, "आता कळलं तिला. जाड लोखंड हाय म्हणून वाचली. बारीक असतं तर लय लागलं असतं. ओढणाऱ्या जनावराला जाडच घालायचं, ध्यानात ठेव." ठेवलं, आबा. चौथीपर्यंतची शाळा सगळी विसरले, हे तेवढं राहिलं.

क्लबात कुणीतरी पोरीला लांब दांड्यांचं, हनुवटीखाली साखळी येणारं कडियाळं सुचवलं होतं. ती म्हणाली, "त्यानं थांबेल गं आजी, पण दुखतंय म्हणून थांबेल." मी म्हटलं, "मग आबांचं ऐक, जाडजूड घाल." तिनं बिचारीनं ऐकलं. घोड्यानं काय करावं? तोंड वासलं, जीभ बाहेर, मान आभाळात, आणि सुटला की हो! मी कुंपणाशी उभी राहून बोंबलतेय, "ओढ गं, ओढ!" ती ओढतेय, आणि जितकी ओढतेय तितका तो जोरात.

घोडा शिकवणारे सर तिथंच होते. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा अगदी पाहण्यासारख्या. त्यांनी घोडा धरला, ओठ वर केला आणि मला म्हणाले, "आजी, इथं बोट घाला, इथं दात नसतात." घातलं. आबा, आत जागाच नाही! तोंड निमुळतं, जीभ भरलेली, वर टाळू लगेच हाताला लागतो. सर म्हणाले, "तुमच्या टांग्याच्या घोड्याला जाड चालत असेल. याच्या तोंडात ते म्हणजे लाडू कोंबल्यासारखं. तोंडात लाडू कोंबून कुणी म्हणालं, शांत उभ्या राहा, तर राहाल?"

मी म्हटलं, "लाडू कसला आहे त्यावर आहे."

ते इतके हसले की घोडा दचकला. मग म्हणाले, "आणि ते ओढ, ओढ ओरडू नका. रेसमध्ये लगाम ताणला की हा त्याच्यावर रेलतो आणि पळतो. त्याला तेच शिकवलंय. आपण ओढतो, त्याला वाटतं पळ म्हणतायत." घ्या! म्हणजे इतका वेळ मीच त्याला पळवत होते.

मग बांगडीचं माप घेतात तसं दोरीनं त्याच्या तोंडाचं माप घेतलं. आधीच्यापेक्षा बारीक, गुळगुळीत, दोन सांध्यांचं आणि मधे जिभेवर सपाट बसणारा छोटा तुकडा असलेलं कडियाळं निवडलं. तोंडात घातल्यावर तो नुसता चघळत उभा राहिला, माझी आई पान चघळायची तसा. रविवारपर्यंत पोरगी एकच गोष्ट करत होती, लगाम धर आणि सोड, धर आणि सोड. घरी कपडे वाळत घालताना दोरीवर सुद्धा.

रविवारी लेक हाताची घडी घालून कुंपणाशी उभी. पोरगी त्याला दौडवत आणते. तो मान ताणायला बघतो, ती मूठ आवळते आणि सोडते, खोगिरात जड बसते. रेलायला त्याला काही सापडतच नाही. दौडीची दुडकी होते, दुडकीची साधी चाल होते आणि तो उभा राहतो, रेघेच्या जरा पुढं. लेक म्हणते, "पुढचे पाय पुढं गेलेत." जावई म्हणतात, "मागचे मागंच आहेत ना." मग लेक हळूच विचारते, "हा गाजर खातो का?"

हे सगळं मी गिरणीत सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, त्यानं कान कसे हलवले ते सुद्धा करून दाखवलं. हा कागद कुठल्या टपालाच्या पेटीत पडायचा नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तो थांबला ते मी पाहिलंच नाही, आबा. डोळे गच्च मिटून कुंपण धरलं होतं. टापा बंद झाल्या आणि कुणीच किंचाळलं नाही, तेव्हा उघडले.