अकरावा नियम

क्पांडो,
सोमवार, २ मार्च

चि. एसिनाम हिला तिच्या जुन्या मास्तरांचे आशीर्वाद.

तू बरी असशील. आईच्या गुडघ्यांना होहोएची हवा मानवली असेल. इकडे हरमाटानचा कोरडा वारा सरला, पण त्याची धूळ अजून माझ्या पुस्तकांवर बसून आहे. शाळेमागच्या आंब्याला कैऱ्या धरल्यात आणि पोरं तुमच्या वेळेसारखीच दगड मारतात. परवा एक दगड माझ्या पत्र्यावर आला. मी बाहेर येऊन ओरडलोसुद्धा नाही. बरंच वाटलं.

अक्षर पाहून तुला वाटेल, हे तिसरीतल्या मुलाने लिहिलंय. मीच लिहितोय. कारण पुढे येईल.

सहा वर्षांनी पत्र लिहायला निमित्त असं की रोबो स्पर्धेच्या समितीने जुन्या पंचांना विचारलंय, खेळाच्या नियमांत काय बदल हवेत ते शुक्रवारपर्यंत कळवा. तू तो खेळ खेळलेली आहेस, म्हणून म्हटलं, आधी तुला वाचून दाखवावं.

पहिलं टेबलांचं. अजूनही ती मोठ्या माणसांच्या कमरेइतकी उंच आहेत. लहान पोरं विटांवर उभी राहून रोबो चालवतात. गेल्या साली एक मुलगी विटेवरून घसरली आणि पडता पडता आधी विचारते कशी, "सर, वेळ थांबवली का?" टेबलं वीतभर खाली आणा, असं लिहिलंय. मग लाइटचं. लाइट गेली की ज्यांच्या शाळेत जनरेटर त्यांच्याच बॅटऱ्या भरलेल्या, हा कुठला न्याय? सगळ्यांच्या बॅटऱ्या एकाच खोलीत, एकाच वेळी भराव्यात. आणि कोकोची पोती म्हणून रोबोने रचायचे ते लाकडी ठोकळे. रंग उडून इतके गुळगुळीत झालेत की पाचावर पाच रचले की वाऱ्याने घसरतात. त्यांना खरखरीत कागद घासावा.

अकराव्या नियमाचं शेवटी लिहितो.

तिसरीतली ती कविता तुला आठवते का? मला हल्ली कवितांशिवाय फारसं काही आठवत नाही. औषध घेतलं की नाही ते विसरतो, पण एकेचाळीस पोरं एका सुरात म्हणायची ते कानात तसंच आहे:

उंच धरा रे हात उजवा,
आभाळ त्यावर टेकू दे…

आणि एकेचाळीस हात वर जायचे. खिडकीतून तळ्यावरचा उजेड आत यायचा, आणि मला खरंच वाटायचं की आभाळ थोडं खाली आलंय. त्यात एक हात डावा असायचा. तिसऱ्या बाकावरचा. मी जवळ येऊन म्हणायचो, "बाई, हा हात कुणाला दाखवतेस? आभाळाला की मास्तरांना?" वर्ग हसायचा. तूही हसायचीस. मग मी पट्टी मारायचो. हलकीच मारायचो, असं मी स्वतःला सांगत आलोय. चौथीत जाईपर्यंत तुझा उजवा हात वर जायला लागला आणि मी तुझ्या आईला म्हटलं, पोरगी सुधारली.

आता अकरावा नियम. तुला तो पाठ असेल, तरी लिहितो, कारण समितीलाही असाच लिहिलाय. रोबोने पोती रचून झाली की चालकाने हात वर करायचा. पंचाने हात पाहून हिरवा झेंडा उचलायचा. झेंडा वर गेला की तेवढ्या पोत्यांचे गुण पक्के, मग रास कोसळली तरी हरकत नाही. आणि झेंडा वर जाईपर्यंत चालकाने नियंत्रकाचा डबा हातातून सोडायचा नाही.

हात कुठला, ते लिहिलेलं नाही. कुणाला तशी गरजच वाटली नव्हती. पोरं डबा डाव्या हातात घ्यायची आणि उजवा वर करायची. आपल्याकडे ते शिकवावं लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी अंतिम फेरीत तुला डबा डाव्या हातात घेता येत नव्हता, कारण पकडीची कळ उजव्या बाजूला होती आणि ती सोडली असतीस तर रोबोचा हात उघडून पाचवं पोतं खाली पडलं असतं. हे मला त्या दिवशी कळलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. पण पंच म्हणून मी टेबलापासून तीन पावलांवर होतो, एसिनाम. तुझा अंगठा कळीवर पांढरा पडलेला मी पाहिला. पाच पोती उभी होती. आणि तुझा डावा हात वर होता, सरळ, माझ्याकडे.

मी तो पाहिला.

माझ्यामागे मांडवात गावचे राजे, टोगबे, बसले होते, मानकऱ्यांसकट. मला वाटलं, आता सगळे म्हणणार, डोगबे मास्तरांची शिष्या भर सभेत मास्तरांना डावा हात दाखवते. कानशिलं तापली. मी मान वळवून दुसऱ्या टेबलाकडे बघत राहिलो. माझ्या मनात होतं, हात बदलेल, मग झेंडा उचलू. मी हळू हळू अकरापर्यंत मोजलं. तू हात बदलला नाहीस, बदलू शकत नव्हतीस. घंटा झाली, पलीकडच्या संघाचा रोबो टेबलाला धडकला, आणि तुझी तीन पोती खाली आली.

तू धावत आलीस. "सर, मी हात वर केला होता."

मी म्हटलं, "मला दिसला नाही."

अहवालात मी याहून वाईट लिहिलं. 'चालकाने हात वर केला नाही. नंतर खोटी तक्रार केली.' माझं ते वळणदार अक्षर. सगळे कौतुक करायचे त्याचं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्याच संघातली मावुन्यो सगळ्यांसमोर म्हणाली, "हरलो ते हरलो, वर खोटं कशाला बोलतेस?" बाकीच्या तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. तू रोबोचं काम सोडलंस. आणि तिसऱ्या रविवारी तुझे यावोमामा माफी मागायला रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली घेऊन माझ्या दारात आले, तू त्यांच्यामागे मान खाली घालून. मामा म्हणाले, "मास्तर, लेकरू चुकलं. पोटात घाला." मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे नाही बघितलंस. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, लहान आहे ती." आणि बाटली घेतली. उजव्या हाताने घेतली, रीतसर.

ती बाटली अजून कपाटात आहे. बूच काढलेलं नाही. पितरांना त्यातला थेंब वाहायचं मला धाडस झालं नाही; ते तर तिथेच होते, त्यांनी पाहिलं होतं.

आता अक्षराचं कारण. गेल्या डिसेंबरात मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात खांद्यापासून गेला. जेवणं, कागद धरणं, माणसाला नमस्कार करणं, सगळं आता या दुसऱ्या हाताने. पहिले पंधरा दिवस मी घराबाहेरच पडलो नाही. मग भूक लागली म्हणून कोपऱ्यावर आफीबाईंकडे मक्याचं केंके घ्यायला गेलो. ती पुडी पुढे करतेय आणि मी उभाच. शेवटी हात काढला आणि आपल्या रीतीप्रमाणे म्हणालो, "डावा आहे हं."

ती मासे उलटत होती. मान वर न करताच तिने उत्तर दिलं, "हातच आहे."

मी तरी पुडी घेईना. तेव्हा मात्र तिने बघितलं. "मास्तर, हात तुमचाच आहे ना? कुणाचा उसना नाही ना आणलात? मग घ्या की. मागे रांग लागलीय."

जन्मभर मी ते ऐकत आलो, म्हणत आलो. एकाने म्हणायचं, डावा आहे हं. दुसऱ्याने म्हणायचं, हातच आहे. लहान पोराला येतं. आणि मला त्या दिवशी टेबलापाशी एवढंच म्हणायचं होतं. झेंडा उचलायचा आणि म्हणायचं, हातच आहे.

केंके घरी आणलं, पण खाल्लं नाही.

समितीच्या पाकिटात नियमांच्या कागदामागे आणखी एक चिठ्ठी होती. ती मी तुला इतका वेळ सांगितली नाही. एसिनाम आम्पोफो, तंत्रशाळेतली शिक्षिका, हिने यंदा पंच होण्यासाठी अर्ज केला आहे. तिच्या नावापुढे सहा वर्षांपूर्वीचा खोट्या तक्रारीचा शेरा आहे. शेरा लिहिणारे आपण, तरी आपलं मत कळवावं.

तू अर्ज केलास. त्या मांडवात परत यायला तयार झालीस. मी तीन दिवस ती चिठ्ठी खिशात ठेवून फिरलो. वाटलं, 'जुनी गोष्ट आहे, मुलगी आता गुणी आहे, क्षमा करावी' असं लिहावं. तेवढ्याने तुझं काम झालं असतं आणि माझं नावही राहिलं असतं. यंदा पंचांना द्यायच्या ढालीला ते माझं नाव देणार होते.

तसं लिहिलं नाही. वर तुला लिहिलं तेच, त्याच शब्दांत, त्यांना लिहिलंय. तिने हात वर केला होता, मी पाहिला होता, खोटं मी लिहिलं. नक्कल सोबत आहे. शाळेत, मावुन्योला, ज्याला दाखवायची त्याला दाखव. अकराव्या नियमाला मी सुचवलंय: 'चालकाने कोणताही हात वर करावा. पंचाने तो पाहावा.' दुसरं वाक्य त्यांना विचित्र वाटेल. काढू नका म्हणून खाली लिहिलंय.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. माझी धाकटी बहीण अकू घेऊन येते आहे, माझ्या वतीने बोलायला, जसे तुझे मामा आले होते. तिच्याकडे ती बाटली आहे. ती चुकीच्या घरात राहिली सहा वर्षं. मामांना म्हणावं, मास्तर चुकले. पोटात घाला असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. बाटली परत पाठवलीस तरी अकू काही बोलणार नाही, तिला तसं सांगून ठेवलंय.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. हात थकतो. पण त्याच्यावर पट्टी मारणारं कुणी नाही, म्हणून हळूहळू वळायला लागलाय.

डावा आहे हं, एसिनाम.

तुझा अपराधी,
सेनानू डोगबे