गोल्फच्या काठ्यांना धार

मु. तलमडुगु, जि. आदिलाबाद
वैशाख संपता संपता

चिरंजीव अमर यास,

तुझा एकुलता एक भाऊजी माणिकराव याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे तुझी बहीण देवका क्षेम आहे, म्हैस क्षेम आहे, दुकानातल्या बियाण्याच्या पिशव्याही उंदरांच्या कृपेनं बऱ्यापैकी क्षेम आहेत. नागपुरात ऊन कसं आहे? तुझं पोट आता ठीक ना? (मागच्या खेपेला आमच्याकडं आंब्याचा रस किती प्यालास ते मी मोजलं नाही, पण देवकानं मोजलं.) तू म्हणशील, फोन असताना पत्र काऊन? बाप्पा, आपला फोन कानाला लावला तरी लाऊडस्पीकरवरच बोलते, बटणच दबत नाही. अन् गोष्ट खाजगी आहे. शुद्ध लिहायचा प्रयत्न करून राह्यलो. राग आला तिथं भाषा घसरेल, सांभाळून घे.

गोष्ट काठ्यांची आहे. तू ज्या खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी करतोस, तिथं कोण्या म्हाताऱ्या साहेबानं टाकून दिलेल्या गोल्फच्या लोखंडी काठ्या तूच आमच्या रंजीताच्या लग्नात मला आहेर म्हणून आणल्या. (लोकं टॉवेल-टोपी आणतात.) तेव्हापासून उन्हाळ्यात कापसाची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं, की मी त्यात चेंडू पाडायला गोडेतेलाचे डबे पुरतो आणि गोल्फ खेळतो. गावाला आता त्याचं नवल राह्यलं नाही. काठ्यांचं म्हणशील तर मुठीचं रबर गेलं, तिथं सायकलची ट्यूब गुंडाळली. पात्यावरचे आकडे घासून गेले. कोणती सातची अन् कोणती नऊची, हे मी हातात तोलून ओळखतो आणि बहुतेक वेळा चुकतो.

त्यात आपले व्याही भगवानराव, रंजीताचे सासरे, पांढरकवड्याचे कापसाचे दलाल. माणूस सोन्यासारखा. (पत्र कधी त्यांच्या हाती पडलं तर हे वाक्य आधी दाखव.) पण दर उन्हाळ्यात खेळायला येतात, गाडीतून नव्याकोऱ्या चमकणाऱ्या काठ्या काढतात, माझ्या ट्यूबवाल्या काठीकडं पाहतात आणि खोकतात. नुसते खोकतात! आमच्यात अट अशी, की हरेल त्यानं जिंकणाऱ्याच्या काठ्या खांद्यावर घेऊन वावरापासून घरापर्यंत गावातून चालायचं. मागची दोन्ही वर्षं मीच चाललो. मुलीचा बाप मुलाच्या बापाचं ओझं वाहून राह्यला, असं पारावरच्या लोकांनी पाह्यलं. रंजीता दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. मले लय लागलं ते. तेव्हाच ठरवलं, यंदा नव्या काठ्या घ्यायच्या, परवडतील तशा, पण नव्या.

देवकापुढं बजेट मांडलं. तिचा कायदा तुला लहानपणापासून माहीत आहे: जुनी वस्तू कामातून गेल्याशिवाय नवी घरात येणार नाही. (याच कायद्यानं आमचा पंखा अजून फिरतो. म्हणजे आमी फिरवला तर.) तिनं विचारलं, "तुमच्या काठ्यायले झालं काय? मोडल्या का? वाकल्या का? मंग?" झाला फैसला. जाता जाता एवढी मेहेरबानी केली, की ज्या दिवशी या काठ्या काठ्या राहणार नाहीत, त्या दिवशी दुकानाच्या गल्ल्याला हात लावा.

आता पुढचं नीट ऐक. मृगाच्या आधी घरोघरची औजारं पाजवायला लोहाराकडं जातात. आपला लोहार केशवराव. वर्षाचं धान्य बांधून दिलेलं, त्यामुळं तो काही विचारत नाही. गठ्ठ्यात जे आलं ते पाजवून देतो. मागं शेजारच्या गयाबाईच्या गठ्ठ्यात चुकून उलथनं गेलं, तर तेही धार लावून आलं. वर्षभर तिच्या घरी भाकरी उलटायच्या ऐवजी कापल्या जात होत्या. तर यंदा आपल्या गठ्ठ्यात विळे गेले, खुरपी गेली, वखराची पास गेली, आणि (कसं काय कोण जाणे!) माझ्या गोल्फच्या सगळ्या काठ्या गेल्या. केशवरावानं पाह्यलं अन् ठरवलं, हे उभ्यानं निंदायचं खुरपं आहे. भट्टीत घातल्या, पाती ठोकून पातळ केली, धार अशी लावली की अंगठा फिरवायची हिंमत होऊ नये, आणि कोन चुकलेला दिसला म्हणून पातं आत वळवून दिलं. मी काठ्या पाह्यल्या आणि तोंड पाडलं. आतून मात्र उकळ्या फुटून राह्यल्या होत्या, कारण काठ्या आता काठ्या नव्हत्या.

तसाच तोंड पाडून देवकाकडं गेलो. तिनं त्यातली एक उचलली, परसातल्या वांग्यांत गेली अन् कंबर न वाकवता, उभ्या उभ्या एक सरी निंदून काढली. म्हणे, "अगं बाई, कंबर दुखली नाही!" संध्याकाळी गयाबाई आली, तिनंही एक सरी काढली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीतली बयनाबाई आली, ती तर काठी घरीच घेऊन गेली. देवका मला म्हणे, "इतकं गुणाचं औजार झालं, अन् तुमी म्हणता बिघडलं?" म्हणजे कायद्यानं बघ, वस्तू बिघडली नाही, सुधारली. नव्या काठ्या नामंजूर. वर माझ्याच काठ्या मला मागून घ्याव्या लागतात, त्याही वांग्यांचं निंदण आटोपल्यावर!

अशात रंजीताला घेऊन व्याही आले. मी युरियाच्या रिकाम्या पोत्यात माझी खुरपी भरली आणि वावरात उतरलो. गाव पऱ्हाटीच्या ढिगावर बसून. भगवानराव खोकले. मी कसा खेळलो ते विचारू नको. दर फटक्याला चेंडूपेक्षा ढेकूळ लांब जाई. पण त्यांचेही चेंडू बाभळीच्या कुंपणात गेले आणि शेवटच्या डब्याला आमी बरोबरीत आलो. मी डोळे मिटून काठी फिरवली. आवाज आला, खच्! वर पाह्यलं, चेंडू नाही. समोर पाह्यलं, चेंडू नाही. भगवानराव खोकायच्या बेतात, तेवढ्यात देवका ओरडली, "अवो, काठीले पाहा!" चेंडू पात्यात रुतून बसला होता, विळीत अडकलेल्या लिंबासारखा.

मी थोडाच विचार केला (जास्त केला असता तर लाज वाटली असती). काठी खांद्यावर टाकली, डब्यापर्यंत चालत गेलो आणि काठी डब्यावर झटकली. चेंडू आत. एका फटक्यात! भगवानराव लालेलाल. म्हणाले, हे असं चालत नाही. ढिगावरून बयनाबाईनं विचारलं, "चेंडू भुईले टेकला का मधात? नाही ना? मंग?" गावानं फैसला दिला. युरियाचं पोतं व्याह्यांच्या खांद्यावर चढलं आणि ते आपला कान धारेपासून जपत जपत गावातून चालले. रंजीता दारात होती. सासरे म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला, पण माझ्याकडं अशी पाह्यली रे, की माझे डोळे भरून आले. भगवानराव चहा न घेता गेले.

तेव्हा काठ्या बदलायच्या का, हा प्रश्न निकाली निघाला. जुन्याच बऱ्या. मला आता नव्याचा मोह राह्यला नाही. माणसानं आहे त्यात समाधान मानावं, असं मी हल्ली गिऱ्हाइकांनाही सांगतो. (गिऱ्हाईक कमी झालं आहे.) तू तब्येत सांभाळ, उन्हात फिरू नको.

तुझा समाधानी भाऊजी,
माणिकराव

ता. क. रागाच्या भरात भगवानरावांच्या नव्या काठ्या आमच्या ओसरीवरच राह्यल्या. मी रोज सकाळी त्या फक्त पुसतो. (चेंडू मारला की धूळ बसते, म्हणून पुसतो.) तू दुकानातला जाणकार माणूस. त्यांना फोन कर आणि सांग, की हे सामान आता जुनं झालं, पाठीला वाईट, परत आणायच्या भानगडीत पडू नका. खरं म्हणजे एवढंच काम होतं.

ता. क. दुसरा. माझ्या काठ्या गठ्ठ्यात मीच घातल्या होत्या, हे तू ओळखलंच असशील. देवकाला बोलू नको. पाकिटाला खळ लावायला तिच्याकडं देऊन राह्यलो, पण ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. (तिनंच सांगितलं आहे.)

ता. क. तिसरा, देवकाचा. बाबू अमर, खळ थंड होईपर्यंत हातात कागद होता, म्हणून नजर पडली. यायनं, तुझ्या भाऊजीनं, गठ्ठ्यात काठ्या घातल्या तवा मी चुलीपाशीच होती. मंग मीच मागून जाऊन केशवरावाले सांगतलं, का हे निंदायचं हाय, पातं आत वळव. आता बायायची मागणी लय वाढली, काठ्या पुरत नाहीत. म्हणून ओसरीवरच्या त्या चमकणाऱ्या काठ्या आज सकाळीच लोहाराकडं धाडल्या. पण व्याहीबुवा आपल्या पोरीचे सासरे, त्यायचं नुकसान आपल्याले शोभत नाही. तवा तुझ्या दुकानातून तशाच नव्याकोऱ्या काठ्या सरळ पांढरकवड्याले पाठव. जुन्या कामातून गेल्या, मंजूर हाय. बिल तुझ्या भाऊजीच्या नावानं कर. पाकीट पोष्टात टाकायले हेच निघाले, लय खुशीत हायेत.