आदर्श रुग्णाचं बोट

ती. आत्या यांना तुमच्या धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं, की आता थेट वर जाता? कानात घालायचं यंत्र वापरता, की ते डबीतच विश्रांती घेतं? (हे फोनवरच विचारणार होते, पण फोनवर तुम्ही तुमचं बोलता आणि ठेवून देता, त्यामुळे माझं सगळं राहून जातं.) तुमच्या सूनबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना, नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण लगेच खोडावंसं वाटतंय, कारण कालच्या मंगळवारपासून खुशाली या गोष्टीवरचा माझा विश्वासच उडाला आहे. बाबांच्या पायाला जखम झाली आहे. पाय वाचेल असं डॉक्टर म्हणतात, पण त्यासाठी शुक्रवारी सकाळी इन्सुलिन सुरू व्हायलाच हवं, आणि बाबा नाही म्हणून बसले आहेत. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. आता मुळापासून सांगते.

मला आरोग्य केंद्रात नोकरी लागली त्याला आता सव्वा वर्ष झालं. माझी पदवी समाजकार्याची आहे, डॉक्टरकीची नाही, हे मी घरात आणि गल्लीत मिळून निदान दोनशे वेळा सांगितलं असेल. पण बाबांनी दारावर माझ्या नावाची पाटी लावली आणि तिच्यावर पदवीची अक्षरं नावापेक्षा मोठी काढून घेतली. तेव्हापासून लोक मला रस्त्यात गाठून जीभ दाखवतात. (एका बाईंनी तर बसथांब्यावर पाठ दाखवली.) केंद्रात माझं काम नोंदींचं: साठीच्या पुढच्या सगळ्यांची रक्तातली साखर, रक्तदाब आणि डोळे दर महिन्याला तपासले जातात की नाही, ते बघायचं. रुजू झाल्याबरोबर मी पाहिलं की ओळखीची माणसं खिडकीवर दोन गप्पा मारून आत जातात आणि बिनओळखीची बाकावर बसून राहतात. मला हे सहन झालं नाही. मी मोठ्या साहेबांना चार पानी अर्ज दिला आणि कार्डाची पद्धत सुरू केली. ज्याच्या हातात कार्ड, त्याची तपासणी. तोंड बघायचं नाही, ओळख सांगायची नाही. आत्या, त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं, की जगातला निदान एक अन्याय मी माझ्या हाताने मिटवला.

पहिल्याच महिन्यात बाबांची उपाशीपोटीची साखर निघाली दोनशे चाळीस. गोळ्या चालू असताना! मी घरी येऊन पाऊण तास व्याख्यान दिलं. आई मध्येच उठून भांडी घासायला गेली, पण बाबा शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते. शेवटी मलाच रडू फुटलं. लोकांना शहाणपण शिकवायला निघालेय आणि माझ्याच घरात हे, असं काहीतरी मी म्हणाले आणि न जेवता झोपले. पुढच्या महिन्यात बाबांची साखर चौऱ्याण्णव! त्याच्या पुढच्या महिन्यात ब्याण्णव! मी दोन वेळा भात घेतला. मग मी बाबांच्या साखरेचा आलेख काढला, त्याला हिरवी चौकट केली, वर ‘आमचे आदर्श रुग्ण’ असं लिहिलं आणि केंद्राच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लावला. डॉक्टरांनीही कौतुक केलं. आकडे इतके सुंदर येत होते, की त्यांनी आधी गोळ्या निम्म्या केल्या आणि सहा महिन्यांपूर्वी बंदच केल्या.

तर काल केंद्रात साखर मोजायचं नवीन यंत्र आलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, पाच सेकंदांत आकडा. लोकांची भीती जावी म्हणून मी प्रात्यक्षिक ठेवलं. तीस-पस्तीस माणसं, पुढच्या रांगेत सिस्टर आणि डॉक्टर, आणि खुर्चीवर अर्थातच आमचे आदर्श रुग्ण. बाबा यायला तयार नव्हते. आधी म्हणाले पोट बिघडलंय, मग म्हणाले चष्मा सापडत नाही (बाबांना चष्मा नाही). मी हाताला धरून आणलं. थोडं भाषण केलं, बोट टोचलं, पट्टी लावली, आणि आकडा न बघताच मोठ्याने म्हणाले, बघा, शिस्त असली की काय होतं ते! मग बघितलं. चारशे अठरा.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी माझंच बोट टोचून पाहिलं. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा बाबांचं दुसरं बोट. चारशे अकरा. सगळं सभागृह आकडा बघायला पुढे झुकलं. मी बाबांकडे बघतेय, बाबा पिंपाकडे बघताहेत, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आपले शिंपीकाका उठले. (तुम्ही त्यांना ओळखता, बाबांचे तीस वर्षांचे मित्र, काडीसारखे बारीक.) बाह्या वर सारत थेट पुढे आले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं पोरी, त्यांचं कशाला टोचतेस? त्यांच्या नावाला नेहमी माझंच बोट असतं.”

आत्या, मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

पुढच्या अर्ध्या तासात जे बाहेर आलं ते मी नोंदवहीत लिहू शकले नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. बाबा, शिंपीकाका आणि निवृत्त कंडक्टरकाका या तिघांनी माझ्या कार्डाच्या पद्धतीचा नीट अभ्यास करून शरीराची वाटणी केली होती. शिंपीकाकांची साखर उत्तम, म्हणून रक्त द्यायला तिघांची कार्डं घेऊन तेच जात, एकदा सोमवारी, एकदा बुधवारी, एकदा शनिवारी. (सिस्टर म्हणतात, आम्ही शीर बघतो, तोंड बघत नाही. तोंड बघायचं नाही हा नियम माझाच.) बाबांचा रक्तदाब उत्तम, म्हणून पडद्यामागे दंडाला पट्टा बांधून घ्यायचं काम बाबांचं. आणि कंडक्टरकाकांची नजर अजून घारीची, म्हणून भिंतीवरची बारीक अक्षरं तिघांच्या वतीने ते वाचत. म्हणजे माझ्या नोंदवहीत वर्षभर तीन ठणठणीत म्हातारे होते आणि प्रत्यक्षात तिघांत मिळून जेमतेम एक. तेव्हा मला कळलं, की माझ्या नव्या कुर्त्याची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब का झाली. शिंपीकाकांना डाव्या डोळ्याने दिसतच नाही! मोतीबिंदू पिकलाय! आणि कंडक्टरकाकांचा स्वतःचा रक्तदाब सिस्टरनी तिथेच मोजला, तर सिस्टर आकडा सांगण्याआधी त्यांना म्हणाल्या, “आधी आडवे व्हा बघू.”

मी विचारलं, अहो, असं कसं केलंत? कंडक्टरकाका टेबलावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले, “चुकीचं काय त्यात? मित्र मित्राचं ओझं उचलतोच की.” शिंपीकाका म्हणाले, “आणि रक्त मी माझंच दिलं ना? कुणाचं चोरलं का?” सभागृहातले निम्मे लोक माना डोलावत होते. मला तर अशी शंका आली, की आणखी दोन-तीन बाकांवरही अशीच वाटणी चालू असावी, कारण माना डोलावणारे एकदम कार्डं खिशात घालू लागले.

तेवढ्यात सिस्टरांचं लक्ष बाबांच्या पायाकडे गेलं. बाबा जन्मभर चपला घालणारे, आणि गेले तीन आठवडे मोजे आणि बूट. मला वाटलं होतं, आदर्श रुग्ण झाल्यापासून नीटनेटके राहू लागलेत. (मी कौतुकही केलं होतं. हे लिहितानाही लाज वाटतेय.) सिस्टरनी बूट काढायला लावला. मोजा निघेना, चिकटला होता. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या, आणि आत टाचणी. आख्खी टाचणी, आत्या! शिंपीकाकांच्या दुकानात घुसलेली. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली, म्हणून बाबांना टोचली ते कळलं नाही. शिंपीकाकांना जमिनीवर पडलेली दिसली नाही. आणि ज्यांना दिसली असती ते कंडक्टरकाका त्या वेळी शिंपीकाकांचं कार्ड घेऊन आमच्या केंद्रात अक्षरं वाचत होते.

डॉक्टरांनी जखम धुतली, औषधं दिली, आणि स्वच्छ सांगितलं: साखर आटोक्यात आली नाही तर आधी अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेलच असं नाही. इन्सुलिन ते कालच सुरू करणार होते. बाबांनी हट्टाने शुक्रवार मागून घेतला. घरी आल्यावर मी भांडायचं ठरवलं होतं. मुद्देही काढले होते. पण बाबा बाजेवर पाय वर ठेवून बसले होते, पट्टीचा तो पांढरा बोळा केवढा तरी मोठा दिसत होता, आणि मी फक्त का केलंत एवढंच विचारू शकले. बाबा म्हणाले, “तू रडलीस ना त्या दिवशी. न जेवता झोपलीस. मग शिंप्याचा कागद आणला तर तू दोनदा भात घेतलास. मी म्हटलं, एवढ्यानं होतंय तर होऊ दे. नंतर तू मला भिंतीवर लावलंस. मग खाली कसं उतरणार?”

सव्वा वर्ष मी गल्लीभर सांगत फिरतेय, की आजार लपवू नका, त्यात लाज कसली. आणि माझ्या घरातला माणूस माझ्यामुळेच लपवत होता. माझ्या रागाला घाबरून नाही, माझ्या रडण्याला घाबरून. आज सकाळी केंद्रात जाऊन मी तो आलेख काढला. चौकटीच्या जागी भिंत पांढरी दिसतेय. तिथे काय लावायचं ते अजून सुचलेलं नाही, आणि लावूच नये असं वाटतंय.

तर अशी सगळी हकिगत. तुम्ही काळजी करू नका. उगाच धावपळ करू नका. नुसतं मन मोकळं करावं म्हणून लिहिलं, बाकी काही हेतू नाही. आई नमस्कार सांगते. बाबाही सांगतात, पण भिंतीकडे तोंड करून.

तुमची,
(पाटीवरची) भाची

ता. क. हे पत्र कंडक्टरकाका स्वतः घेऊन येत आहेत. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू करून प्रवासाची परवानगी दिली आहे. त्यांना जिना चढायला लावू नका. त्यांच्या खिशात गुरुवारी दुपारच्या गाडीची परतीची दोन तिकिटं आहेत. वर हेतू नाही असं लिहिलं ते खोटं होतं.

ता. क. २. बाबा म्हणतात, सुई लागली की माणूस संपला. मी इन्सुलिनवर वीस वर्षं मजेत जगणाऱ्या सात जणांची नावं सांगितली. ते म्हणाले, “ताईला विचारल्याशिवाय घेणार नाही.” तुम्ही लांब आहात, म्हणून तेवढ्यात शुक्रवार निघून जाईल असा त्यांचा अंदाज आहे. तुम्ही दारात दिसलात की ते बाजेवर सरळ होऊन बसतील, एवढं मला माहीत आहे.

ता. क. ३. हे लिहू की नको असं दोनदा वाटलं. काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी आई बाबांवर ओरडली, की असला उद्योग तुम्हाला सुचलाच कसा. बाबा चटकन म्हणाले, “मला कुठून सुचणार? ताई गेली चार वर्षं स्वतःच्या नावावर सुनेचं रक्त देते.” आणि मग जीभ चावली. आत्या, मी रडले नाही. जेवलेसुद्धा. रागावलेही नाही. शुक्रवारी सकाळी आठला डॉक्टरांनी शेजारी शेजारी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि बाबांनी शब्द दिलाय की तुम्ही एकीवर बसलात तर ते दुसरीवर बसतील. गुरुवारी रात्री लवकर जेवून घ्या, सकाळी पाण्याखेरीज काही नको. आणि वहिनींना माझा नमस्कार सांगून घरीच राहायला सांगा.