तार जोडल्यावर

गुरुवार, संध्याकाळ. श्रीवर्धन.

अजून चीड जात नाही. माझी विद्यार्थिनी सानिया, तिचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष; तिचं मॉडेल आज परीक्षकांनी विज्ञान प्रदर्शनातून बाद केलं. दोन सर्किटं, दोन दिवे. एक भराभर लुकलुकणारा, दुसरा अगदी संथ. मधली तार जोडली की दोघांचंही लुकलुकणं थांबतं. विझत नाहीत, मंद, एकसारखे जळत राहतात. तेच तर तिला दाखवायचं होतं! परीक्षक म्हणाले, "बिघडलंय." मी सांगू लागलो, वेगांत फार फरक असला आणि जोड पक्की असली की दोन्ही एकमेकांना थांबवतात. ते घड्याळ बघत पुढच्या टेबलाकडे गेले. सानियाने तार काढली. दिवे लगेच लुकलुकायला लागले, पण बघायला कोण होतं? मी काय करायला हवं होतं, परीक्षकांना हात धरून परत आणायचं?

मागच्या बाकावरून तिची अम्मी उठून आली. हळूच म्हणाली, "सर, बंद पडलं का हो?"

"नाही हो. दोन्ही थांबणं हेच बरोबर आहे."

"तुम्ही फार चांगले आहात, सर," ती म्हणाली, आणि सानियाच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे बेटा. पुढच्या वर्षी चालेल."